नुकताच बांधलेला डिफ आवाज करतोय: चालवावा, परत द्यावा की बदलावा?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २०१२ ची डिझेल इनोव्हा आहे, टुरिस्ट परमिटवर. गाडी त्यांचे भाऊ चालवतात आणि घर तिच्यावर चालते. पहिला गियर टाकून क्लच सोडला की मागे ‘ठक्’ व्हायचे, म्हणून त्यांनी एका गॅरेजला डिफ, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना वाटून देणारा अॅक्सलमधला डिफरन्शियल, उघडायला दिला. तिथे बेअरिंगे, सील आणि क्राऊन-पिनियनचा (मोठा चकतीसारखा गियर आणि त्याला फिरवणारा छोटा गियर) सेट बदलून डिफ नव्याने बांधून मिळाला. सातशे-आठशे किलोमीटर झाल्यावर ५० ते ७० च्या वेगात अॅक्सिलरेटर दाबला की मागून घूंऽऽ असा एकसुरी आवाज येऊ लागला. पाय उचलला की तो कमी होतो. ठक् अजून आहेच. पिनियनच्या सीलपाशी तेलही दिसू लागले आहे. गॅरेजवाले म्हणतात, ‘नवीन गियर आहेत, चालवा, बसतील.’ ताई विचारतात: चालवत राहू का, त्याच गॅरेजला परत देऊ का, की कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून अख्खा डिफ आणून बसवू? लग्नाची बुकिंग घेऊन ठेवली आहेत.

ताई, आधी बुकिंगचे बोलतो, कारण ते थांबणार नाही. भावाला गाडीखाली वाकून एक गोष्ट करायला सांगा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना पुढे-मागे दगड. गियरबॉक्सकडून मागे येणारा प्रॉपेलर शाफ्ट जिथे डिफला जोडला जातो तो फ्लँज (बोल्टची चकती) दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवायचा. गोल फिरवताना थोडा प्ले लागेल, तो चालतो. पण वर-खाली किंवा आत-बाहेर केसभरही हालचाल लागली, तर पिनियनच्या बेअरिंगांवरचा दाब गेलेला आहे, नट ढिला आहे किंवा होत चालला आहे. मग गाडी एक किलोमीटरही चालवू नका, मागची चाके उचलून टो करून न्या. पिनियन जागेवरून सरकला की दाते तुटतात, आणि तुटलेला तुकडा क्राऊनच्या मध्ये आला तर मागची चाके धावत्या गाडीत जाम होऊ शकतात. सात माणसे बसलेल्या गाडीत हा धोका कोणीही घेऊ नये. फ्लँज घट्ट असेल तर गावातल्या गावात, रिकामी, हळू, गॅरेजपर्यंत न्यायला, आणि पुढे सांगतो त्या चाचणीपुरती काढायला हरकत नाही. पण बुकिंग दुसऱ्या कुणाला द्या. ‘चालवा, बसतील’ हा सल्ला मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगतो.

माझे वर्कशॉप वागळे इस्टेटमध्ये आहे आणि मागच्या अॅक्सलचीच कामे माझ्याकडे जास्त येतात. त्यातला मोठा भाग असाच असतो: कुठेतरी एकदा बांधून झालेला, आणि आधीपेक्षा जास्त त्रास देणारा डिफ. इंजिन थोडे कमी-जास्त बांधले तरी बरेच दिवस ओढते. डिफ तसा नाही. त्यात पार्ट मोजके असतात, पण प्रत्येक पार्ट कुठे बसतो हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात ठरते. पार्ट चांगले आणि मापे चुकीची, असा डिफ फुकट जातो. म्हणून कुठल्याही गॅरेजला विचारायचा पहिला प्रश्न ‘कुठल्या कंपनीचा पार्ट टाकला’ हा नाही. ‘माप किती आले’ हा आहे.

क्राऊन आणि पिनियन हे हायपॉइड गियर असतात, म्हणजे पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली असते. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतातही. म्हणूनच त्यांना जीएल-५ दर्जाचे, जास्त दाब सोसणारे तेल लागते. कारखान्यात हा सेट जोडीनेच घासून एकमेकांवर बसवलेला असतो, जात्याच्या दोन तळ्या एकमेकींना लागतात तसा. बहुतेक सेटवर जोडीचा नंबर कोरलेला असतो, तो दोन्हीवर एकच हवा. आता हा जोड हाऊसिंगमध्ये (डिफच्या कवचात) बसवताना चार गोष्टी ठरवाव्या लागतात: पिनियन किती आत जातो, पिनियनच्या दोन बेअरिंगांवर किती दाब आहे, क्राऊन पिनियनला किती जवळ आहे, आणि क्राऊन ज्या साइड बेअरिंगांवर फिरतो त्यांच्यावर किती दाब आहे. चारही बरोबर आली की दात्यांवर रंग लावून ठसा बघायचा. ठसा दात्याच्या मधोमध आला तर काम झाले. नाही आला तर परत उघडायचे. हे परत उघडणेच लोक टाळतात, कारण पिनियनचे बेअरिंग प्रेसवर काढून आतला शिम (पातळ पत्र्याची चकती) बदलायला अर्धा दिवस जातो.

तुमच्या गाडीत काय झाले असावे? उघडल्याशिवाय शपथेवर कोणी सांगू नये, पण तुम्ही दिलेल्या खुणा एका दिशेला बोट दाखवतात. मूळ तक्रार होती ठक्. मेकॅनिकने फ्लँज हाताने फिरवून पाहिला असेल, प्ले जास्त वाटला असेल, आणि त्याने तो प्ले क्राऊन पिनियनच्या जवळ सरकवून मारला असेल. इथे हिशेब करून बघा. इनोव्हाच्या वर्गातल्या क्राऊनचा व्यास २०० मिमीच्या आसपास असतो. त्यावर बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, ०.१३ ते ०.१८ मिमी ठेवायची असते. ०.१५ धरली तर क्राऊनवर ती ०.०९ अंशाहूनही कमी भरते. रेशो, म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे फेरे, चारच्या आसपास धरला तर पिनियनच्या फ्लँजवर ती जेमतेम एक तृतीयांश अंश होते. एवढे तर हाताला नीट कळतही नाही. मग फ्लँज फिरवताना जो सणसणीत प्ले लागतो तो येतो कुठून? तो असतो आतल्या साइड गियर (ज्यांत अॅक्सल बसतात ते) आणि त्यांच्यामधल्या छोट्या स्पायडर गियरमागच्या झिजलेल्या वॉशरांमधून, स्पायडरच्या पिनच्या खाचेतून, अॅक्सलच्या झिजलेल्या स्प्लाइनमधून (टोकाच्या खाचांतून). आणि खालून ठक् ऐकू येते त्यात प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचाही, म्हणजे सांध्याचाही, वाटा असतो. हे सगळे तसेच ठेवून क्राऊन घट्ट केला, की ठक् जिथल्या तिथे राहते आणि वर आवाज सुरू होतो. तुमच्याकडे नेमके हेच दिसते आहे. मूळ दुखण्याला कदाचित वॉशरांचा एक जोड आणि दोन क्रॉस पुरले असते. चांगला क्राऊन-पिनियन बहुधा विनाकारण निघाला. जुना सेट अजून त्यांच्याकडे असेल तर तो आजच मागून घ्या. तो तुमच्या मालकीचा आहे, आणि त्याचे दाते साबूत असतील तर पुढे कामाला येऊ शकतो.

उघडण्यापूर्वी आवाज खरोखर डिफचाच आहे याची खात्री करा, कारण चाकाचे बेअरिंग, टायर आणि गियरबॉक्स हे तिघेही असाच चकवा देतात. पहाटे पामबीच रोडवर, वाशीहून बेलापूरकडे जाताना, रस्ता रिकामा असतो तेव्हा हे नीट होते. ज्या वेगाला आवाज येतो तो वेग धरा. एकदा अॅक्सिलरेटर दाबून, एकदा पाय पूर्ण उचलून, आणि एकदा वेग जेमतेम टिकेल इतकाच पाय ठेवून ऐका. दाबल्यावर वाढतो आणि सोडल्यावर पडतो, म्हणजे दात्यांच्या एका बाजूवर भार आला की आवाज होतो, हे क्राऊन-पिनियनचे लक्षण. तिन्ही वेळा सारखाच येत असेल तर पिनियनच्या बेअरिंगवर संशय घ्या. पाय सोडल्यावरच येतो, तर पिनियनचा नट आणि बेअरिंगांचा दाब आधी बघा. त्याच वेगाला चौथ्याऐवजी तिसरा गियर टाकूनही आवाज तोच आणि तेवढाच राहिला, तर इंजिन आणि गियरबॉक्स बहुतेक सुटले. स्टिअरिंग हलके डावी-उजवीकडे वळवल्यावर घरघर वाढते-कमी होते ती चाकाच्या बेअरिंगची. नुसते वळणावरच कटकट होते ती स्पायडर गियरची; त्यासाठी मोकळ्या मैदानात आठचा आकडा काढत गाडी फिरवली की लगेच कळते.

आता मोबाइलचाही उपयोग होतो. आवाजाची वारंवारता दाखवणारी फुकट अॅप असतात. इनोव्हाचा २०५/६५ आर १५ टायर किलोमीटरला साधारण ५०० फेरे घेतो. म्हणजे ६० च्या वेगाला चाक मिनिटाला ५०० वेळा, सेकंदाला आठ-सव्वाआठ वेळा फिरते. क्राऊनला समजा ४१ दाते असतील, तर दात्यांची ठोक सेकंदाला ३४० वेळा पडते. अॅपवर ६० ला ३४० हर्ट्झजवळ उंचवटा दिसला आणि ३० ला तो १७० वर उतरला, तर तो आवाज क्राऊन-पिनियनच्या दात्यांचा आहे, दुसऱ्या कशाचा नाही. दात्यांची संख्या तुमच्या सेटची घ्या, हिशेब तोच. गॅरेजवाल्याशी वाद घालताना असा स्क्रीनशॉट ‘मला आवाज येतो’ यापेक्षा फार वजनदार ठरतो. त्यात टायरच्या आवाजावर ढकलायला जागा राहत नाही.

मग तेल. पंधरावीस किलोमीटर चालवून डिफ गरम असतानाच खालचा बोल्ट काढा, पण त्याआधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सुटतो की नाही ते बघून घ्या. तेल स्वच्छ पांढऱ्या डब्यात काढा. राखाडी, चकचकीत मेणासारखी पेस्ट बोल्टच्या चुंबकावर थोडी असणे नव्या गियरला साजेसे आहे. नखाने उचलता येतील असे कण, पातळ चकत्या किंवा सुयांसारखे तुकडे दिसले तर काही तरी खरवडले जाते आहे. तेलाचा फोटो आणि चुंबकाचा फोटो, दोन्ही तारखेसह ठेवा. तेल दुधासारखे असेल तर पाणी शिरले आहे. आपल्याकडे जुलैत वंदना टॉकीजजवळ किंवा कुठल्याही भुयारी रस्त्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की तापलेला अॅक्सल एकदम थंड होतो आणि आतली हवा आक्रसून ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) किंवा सीलच्या ओठातून पाणी ओढते. पावसाळ्यात अशा पाण्यातून गाडी गेली तर डिफचे तेल दुसऱ्याच दिवशी तपासा. ब्रीदरचे टोपण हाताने फिरते का तेही बघा. ते चिखलाने किंवा सिलिकॉनने बुजले तर गरम हवेला बाहेर पडायला सील हीच वाट उरते, आणि नवे सीलही ओले होते. तुमच्या गळतीचे कारण एवढेच असेल तर नशीब चांगले. पण फ्लँजच्या ज्या भागावर सील घासते तिथे नखाला लागेल अशी खाच असेल, तर सील कितीही बदला, गळणारच.

आता परत कुणाला द्यायचे हा प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे: पहिली संधी त्याच गॅरेजला द्या, पण लेखी आणि अटींवर. दुसऱ्याने उघडला की पहिला म्हणतो, ‘आमचे काम ठीक होते, त्यांनी बिघडवले,’ आणि मग सिद्ध करणे कठीण. व्हॉट्सअॅपवर तक्रार मुद्देसूद लिहा, बिलाचा फोटो जोडा, आणि सांगा की डिफ माझ्यासमोर उघडायचा, उघडण्यापूर्वी मोजायचा. उघडण्यापूर्वी हे शब्द महत्त्वाचे. सगळे सुटे करून टेबलावर मांडले की पुरावा गेला.

इनोव्हाचा एक फायदा आहे. ड्रम काढून दोन्ही बाजूंचे अॅक्सल बाहेर खेचले आणि प्रॉपेलर शाफ्ट सोडला की डिफचा पूर्ण गोळा पुढच्या बाजूने एकत्र बाहेर येतो. क्राऊन, पिनियन, साइड नट, सगळे जसे बसवले होते तसेच टेबलावर मिळते. तिथे शांतपणे मोजता येते. (प्रॉपेलर शाफ्ट सोडताना फ्लँजवर आणि शाफ्टवर एक रेघ मारून ठेवा. उलटा जोडला तर नवीनच थरथर पाठीमागे लागते.)

टेबलावर काय घडायला हवे ते बारकाईने सांगतो, म्हणजे शेजारी उभे राहून तुम्हाला कळेल. डायल गेज क्राऊनच्या दात्याला, दात्याच्या काटकोनात टेकवतात. पिनियन एका हाताने पक्का धरून क्राऊन हलकेच पुढे-मागे करतात, सुई जितकी फिरते तितका बॅकलॅश. हे एकाच दात्यावर करून भागत नाही. क्राऊन पाव-पाव फिरवून चार ठिकाणी माप घ्यायचे. चारही मापे जवळपास सारखी हवीत. एका ठिकाणी ०.०८ आणि समोर ०.२० आले तर क्राऊन वाकडा बसला आहे: बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने न आवळता ओळीने आवळले, किंवा क्राऊन आणि केसच्या मध्ये बर (धातूची उठलेली कड) किंवा कचरा राहिला. अशा डिफचा आवाज एकसुरी न राहता वूं-वूं-वूं असा लाटेने येतो. तुमच्याकडे मात्र सगळीकडेच ०.०५-०.०६ असे काही निघाले, तर वर सांगितलेला माझा संशय खरा समजा.

यानंतर रंग. क्राऊनच्या सहा-आठ दात्यांच्या दोन्ही बाजूंना मार्किंगची पेस्ट पातळ लावायची, क्राऊनवर लाकडी पट्टी दाबून थोडा अडथळा निर्माण करायचा, आणि पिनियनच्या फ्लँजवरून दोन्ही दिशांना फिरवायचे. अडथळ्याशिवाय फिरवलेला ठसा खोटा येतो. पेस्ट पुसली जाऊन जो चमकदार डाग उरतो तो वाचायचा. दात्याची दोन टोके धरा: क्राऊनच्या मध्याकडचे आतले टोक आणि परिघाकडचे बाहेरचे टोक. डाग आतल्या टोकाला सरकला असेल तर क्राऊन फार जवळ आहे. बाहेरच्या टोकाला असेल तर फार लांब. डाग दात्याच्या माथ्यावर चढला असेल तर पिनियन कमी आत गेला आहे, शिम जाड हवा. डाग दात्याच्या बुडाशी गेला असेल तर पिनियन जास्त आत आहे, शिम पातळ हवा. हे शिम ०.०३ मिमीच्या आसपास टप्प्यांनी मिळतात. यावरूनच कळेल की कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घातलेली पट्टी इथे काय करत असेल, आणि मी अशा पट्ट्या काढलेल्या आहेत. ठशाचा मोबाइलवर जवळून फोटो घ्या. दोन्ही बाजूंचा, पुढे ढकलणारी आणि मागे ओढणारी.

पिनियनच्या बेअरिंगांचा दाब ही निम्म्या खराब कामांच्या मुळाशी असलेली चूक असते. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पातळ नळी, क्रश स्लीव्ह, असते. नट आवळत गेले की ती चिरडते आणि बेअरिंगांवर ठरावीक दाब येतो. ती एकदाच चिरडते. नट जास्त आवळला गेला म्हणून थोडा सोडला, तर दाब राहत नाही. नवीन स्लीव्ह घालून पुन्हा सुरुवात करावी लागते. हवेच्या गनने नट एका दमात आवळणाऱ्या माणसाला हे कळण्याआधीच स्लीव्ह पार झालेली असते. जास्त दाबाने बेअरिंग तापते, निळे पडते, आणि डिफच्या नाकाशी हात टेकवत नाही. कमी दाबाने पिनियन डोलतो, नट ढिला होतो, सील गळते. मोजायला महागडे हत्यार लागते असे नाही. फ्लँजवर दोरी गुंडाळून तिला स्प्रिंगचा वजनकाटा लावा आणि सावकाश ओढा. पिनियन सम गतीने फिरत असताना काटा किती दाखवतो ते, गुणिले फ्लँजची त्रिज्या. त्रिज्या ४.५ सेमी आणि काट्यावर ४ किलो, म्हणजे १८ किलो-सेमी. नव्या बेअरिंगला बऱ्याच प्रवासी गाड्यांत हा आकडा १० ते २५ च्या पट्ट्यात असतो, वापरलेल्याला साधारण निम्मा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यायचा. हे माप क्राऊन बसवण्याआधी, नुसत्या पिनियनचे घ्यायचे असते, हेही लक्षात ठेवा.

आणखी काही जागा आहेत जिथे घाई दिसते. साइड बेअरिंगांवरच्या दोन टोप्या त्याच हाऊसिंगवर एकत्र बोअर केलेल्या असतात, त्यांची डावी उजवीकडे गेली की बेअरिंग तिरके बसते. टोप्यांवर आणि हाऊसिंगवर खुणा जुळतात का ते बघा. बेअरिंग ढिले बसते म्हणून शाफ्टवर पंचाने टिपके पाडून ‘घट्ट’ केले असेल तर ते काम मी स्वीकारत नाही, कुणीच स्वीकारू नये. थोड्याच दिवसांत टिपके दबतात आणि बेअरिंग पुन्हा फिरायला लागते. आणि अॅक्सलच्या दोन्ही नळ्या. जुन्या गियरचा चुरा नळ्यांमध्ये आणि हाऊसिंगच्या तळाशी चिखलासारखा बसलेला असतो. डिझेलने आणि कापडाने तो शेवटपर्यंत काढला नाही, तर नवीन बेअरिंग जुन्या लोखंडात न्हाऊन निघते. नळीत कापड बांधलेली काठी घालून तुमच्यासमोर फिरवायला लावा आणि कापड बाहेर आल्यावर बघा. त्या एका कापडावरून कामाची जात कळते.

मोजून झाले की निर्णय घ्यायचा. मापे चुकीची, पण दाते नितळ, खरवड नाही, निळसरपणा नाही: मग योग्य शिम, नवीन स्लीव्ह, बरोबर बॅकलॅश देऊन पुन्हा बांधावे. आवाज बराच कमी होईल. पूर्ण जाईल असे मी कबूल करणार नाही, कारण हे दाते सातशे किलोमीटर चुकीच्या जागी घासून घासून तिथेच गुळगुळीत झाले आहेत, आणि आता नव्या जागी सरकले तरी जुन्या पट्ट्याची कड मध्ये येते. म्हणूनच ‘चालवा, बसतील’ म्हणणाऱ्याचा मला राग येतो. चुकीच्या मापावर बसलेले गियर बरोबर बसत नाहीत. प्रत्येक किलोमीटरला चूक दात्यात आणखी खोल जाते आणि वाचवता येणारा सेट वाचण्याच्या पलीकडे जातो. दात्यांवर ओरखडे, खड्डे किंवा जळल्याचा रंग असेल तर नवीन सेटच, दुसरा उपाय नाही. जाड १४० नंबरचे तेल किंवा बाटलीतले औषध घालून आवाज दाबून देतो असे कोणी म्हणाले तर तिथून निघा.

कुर्ल्याचा पर्याय वाईट नाही. सीएसटी रोडवर चांगले अख्खे डिफही मिळतात, फक्त निवडताना हात चालवावा लागतो. तेलाचा बोल्ट उघडून वास आणि रंग बघा. फ्लँज हळूहळू फिरवा. ठरावीक जागी अडखळतो का, खरखर लागते का. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बेअरिंगवर रोलर जिथे टेकले होते तिथे गंजाचे पट्टे पडतात आणि ते असेच हाताला लागतात. मागचे झाकण किंवा पुढचा गोळा उघडून दाते दाखवत नसेल तर घेऊ नका. रेशो तुमच्या गाडीचाच हवा. मॉडेलनुसार तो बदलू शकतो. रेशो मोजणे सोपे आहे: एक बाजू पक्की धरून दुसऱ्या बाजूचा अॅक्सल बरोबर दोन पूर्ण फेरे फिरवा, तेवढ्यात फ्लँज जितके फेरे घेईल तो रेशो. चार फेरे आणि थोडे वर, असे. तुमचा जुना आणि बाजारातला, दोन्ही असे मोजून मगच पैसे द्या. चुकीच्या रेशोने गाडी चालते, पण डिझेल, वेग आणि मीटर, तिन्हीचा हिशेब फिरतो. परत करायची मुदत पावतीवर लिहून घ्या.

गॅरेजने ऐकलेच नाही तर? दुसऱ्या वर्कशॉपकडून उघडण्याआधीचा व्हिडिओ, मापे आणि ठशाचे फोटो यांच्यासह सहीचा लेखी अहवाल घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मिटले नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. दुरुस्तीचे काम ही कायद्याने सेवा आहे, आणि गाडी भाड्याची असली तरी स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून चालवणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो, व्यापारी म्हणून बाहेर ढकलला जात नाही. कामासाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बहुतेक वेळा इथपर्यंत येत नाही. मापांचा कागद समोर ठेवला की दुरुस्ती नाही तर पैसे, असा मधला मार्ग निघतो.

डिफ पुन्हा बांधून आला की पहिले पाचशे किलोमीटर जपा. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर शांतपणे चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा तेवढेच. सतत एकाच वेगात पळवू नका. पूर्ण भार, कॅरिअरवर सामान आणि गायमुखचा घाट, हे तिन्ही एकत्र नको. पाचशेला तेल बदला, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचेच जीएल-५ घाला, आणि चुंबक पुन्हा बघा: बारीक पेस्ट असेल तर पुसून लावा, कण लागले तर फोटो काढून वर्कशॉपला पाठवा. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा, नाही तर सरळ रस्त्यावरही स्पायडर गियर अखंड फिरत राहतात आणि नवे वॉशर पुन्हा झिजतात. हजार किलोमीटरला फ्लँज एकदा परत धरून हलवून बघा. तो घट्ट आहे, सील कोरडे आहे आणि पामबीचवर पायाच्या तिन्ही चाचण्यांत आवाज नाही, एवढे झाले की भावाला लांबच्या भाड्यांवर पाठवायला हरकत नाही.